येऊ दे

१

सकाळी सात वाजता उस्ताद चहाचा पेला घेऊन मागच्या अंगणात यायचा आणि पहिला घोट घेण्याआधी पेला ट्रकच्या मडगार्डवर ठेवायचा. चहा काठाला सगळीकडे सारखा लागला तर गाडी समतल उभी आहे. एका बाजूला कलला तर चाकांच्या जागी लावलेला एखादा ठोकळा जमिनीत बसला आहे. याला तो तपासणी म्हणायचा. त्याची बायको याला चहा गार करायचा उद्योग म्हणायची.

अंगण लांबट होतं. एका टोकाला रस्त्याकडे उघडणारं लोखंडी फाटक, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड, आणि मधे तो ट्रक: लांब नाकाचा, मागे बंद लोखंडी पेटी असलेला, तोंड फाटकाकडे आणि पाठ शेडकडे करून उभा. भंगाराच्या आवारातून ओढून आणला तेव्हा त्याच्या बॉनेटमधून एक झुडूप डोकावत होतं आणि सीटखाली उंदरांच्या तीन पिढ्या सुखानं नांदत होत्या. शेजारी भिंतीवरून वाकून म्हणाले, "उस्ताद, हे चालणार?" उस्ताद म्हणाला, "तुमच्या आधी नक्की."

अडतीस वर्षं त्यानं असल्याच गाड्या चालवल्या होत्या. कागदोपत्री त्याला दुसरं नाव होतं, पण ते पेन्शनच्या खिडकीवर सोडलं तर कुठेच चालत नव्हतं. त्याच्या बायकोला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण आजूबाजूच्या निम्म्या मुलींना शिवण तिनं शिकवलं होतं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि सध्या त्याच्यावर ट्रकच्या सीटचं रेक्झीन चढलेलं होतं.

मोठी गाडी ज्यांनी चालवलेली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. अशी गाडी मागे घेताना चालवणाऱ्याला मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. आरशात दिसते ती आपल्याच पेटीची बाजू. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून मागे उभा असलेला माणूस पेटीच्या पत्र्यावर तळहाताची थाप देतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. ही थाप कानांनी ऐकायची नसते. ती लोखंडातून सीटमध्ये येते आणि सीटमधून पाठीच्या कण्यात. थाप आली की विचार करायचा नाही, पाय आपोआप हलला पाहिजे. उस्ताद म्हणायचा, विचार करणाऱ्या ड्रायव्हरांनी जगातल्या निम्म्या भिंती पाडल्या आहेत.

फेरीवरून घरी आला की त्याच्या मागे उभी राहायची ती मास्तरीण. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती हे शिकली, आणि त्यानंतर घरची गाडी लावताना उस्तादनं एकदाही मान वळवून पाहिलं नाही. गाडी लागली की ती आणखी एक इशारा द्यायची. तीन हलक्या थापा, नुसत्या बोटांच्या टोकांनी. म्हणजे पोचलात, उतरा, चहा टाकलाय. हा इशारा धंद्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हता. तो त्या दोघांचा होता.

एवढ्या वर्षांत ती त्याच्या शेजारच्या सीटवर मात्र एकदाही बसली नव्हती. कंपनीच्या गाडीत घरचं माणूस बसवायची परवानगी नव्हती, आणि उस्ताद नियमाला घट्ट. निवृत्त झाल्यावर हे त्याला डाचायला लागलं. ट्रक आणला त्या दिवशी तो तिला म्हणाला, "ही उभी राहू दे. तुला पुढे बसवून समुद्रापर्यंत नेतो."

"आधी त्या उंदरांना उतरवा," ती म्हणाली. पण त्याच संध्याकाळी टेप घेऊन ती शेजारच्या सीटचं माप घेऊन गेली.

२

पत्र्याचं काम करायला पत्र्याच यायचा. हा उस्तादचा जुना दोस्त, डेंटर. चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि त्यात त्याचा आवाज एवढा वाढला होता की तो कानात बोलला तरी रस्त्यावर ऐकू जायचं.

पेटीचा जुना रंग खरवडताना त्यानं हाक मारली. "उस्ताद, हे बघा. थापेची जागा."

प्रत्येक जुन्या गाडीला अशी जागा असते. मागच्या कोपऱ्याजवळ, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. वर्षानुवर्षं तिथेच हात पडून रंग झिजतो आणि पत्रा किंचित आत जातो. उस्तादनं कौतुकानं हात ठेवला, आणि तसाच थांबला. पत्रा आत गेलेला नव्हता. बाहेर आला होता. तळहाताएवढा गुळगुळीत फुगवटा.

"माल घासला असेल आतून," पत्र्या म्हणाला.

दोघं मागची दारं उघडून पेटीत चढले. आतल्या बाजूला त्या जागी खोलगट वाटी झाली होती. बाकीच्या पेटीवर गंज होता, तिथे मात्र पत्रा भांड्यासारखा चकचकत होता. आणि बाहेरून जी जागा खांद्याला येत होती ती आतून तळापासून जेमतेम दीड वीत वर होती, कारण पेटीचा तळच मुळी जमिनीपासून छातीएवढा उंच. तिथे हात पोचवायचा तर माणसाला तळावर आडवंच व्हावं लागलं असतं.

पत्र्यानं तसं करूनही पाहिलं. पाठीवर झोपला, हात कडेला नेला. "बरोबर बसतो की," तो हसत म्हणाला आणि मग उठून कपडे झटकायला लागला.

त्यानं तो फुगवटा तासभर ठोकून सपाट केला. वरून लाल प्रायमर मारला. बोट फिरवलं तरी कळणार नाही असं काम. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची तपासणी झाल्यावर उस्तादनं सहज तिकडे पाहिलं, तर प्रायमरला बारीक तडे गेले होते आणि पत्रा पुन्हा तळहाताएवढा बाहेर आला होता.

"लोखंडाला सवय असते," पत्र्या म्हणाला. "एकदा ताणलं की उन्हात फुगतं, गारव्यात बसतं. डब्याचं झाकण नाही का टिकटिक करत? चाळीस वर्षं बघतोय मी."

उस्तादलाही ते पटलं. दोन महिने मान मोडून काम केल्यावर माणसाला जे सोयीचं असतं ते लवकर पटतं. पत्र्यानं ती जागा दुसऱ्यांदा ठोकली. तिसऱ्यांदा ठोकायला मात्र त्याला सवड झाली नाही.

३

पहिली थाप आली ती दुपारी. उस्ताद गाडीखाली पाठीवर झोपून दांड्याला ग्रीस भरत होता. वरून, पेटीच्या डाव्या अंगानं, दोनदा आवाज आला. धप्प. धप्प.

"काय गं?" त्यानं विचारलं.

उत्तर आलं नाही. आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज मात्र येत होता, एका लयीत, न थांबता. म्हणजे मास्तरीण मशीनवर होती. गाडीखालून बाजूला पाहिलं तर कुणाचे पाय दिसत नव्हते. ऊन पेटीवर आलं होतं. पत्रा तापला, वाजला. झालं. त्यानं ग्रीसची पिचकारी पुन्हा उचलली.

पण तापलेला पत्रा वाजतो तो कसाही वाजतो. हे दोन आवाज सारख्या वजनाचे होते आणि दोहोंत नेमकं तेवढंच अंतर होतं, जेवढं माणूस ठेवतो. उस्ताद हे मनाशी बोलला नाही. तो फक्त गाडीखालून बाहेर आला आणि उरलेलं ग्रीस दुसऱ्या दिवसावर टाकलं.

पुढच्या आठवड्यात ते चार-पाच वेळा झालं. नेहमी दोन. पहिल्यांदा आवाज बोजड होता, पीठ भरलेलं पोतं आपटावं तसा. नंतर नंतर तो मोकळा व्हायला लागला. नवा माणूस आधी मुठीनं बडवतो, मग त्याला तळहात कसा पसरायचा ते समजतं, तसं. उस्तादनं उमेदीत कितीतरी जणांना थाप शिकवली होती, त्यामुळे त्याला हा फरक नको असताना कळत होता. एकदा त्यानं दारं उघडून आत पाहिलं. पेटी रिकामी होती. दारांची कडी बाहेरून होती, ती त्यानं स्वतः काढली होती आणि स्वतःच पुन्हा लावली. लावल्यावर जरा वेळ तिच्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि मग आपण हे काय करतोय म्हणून स्वतःलाच शिवी घातली.

शनिवारी थापेत आणखी काहीतरी आलं. तळहाताच्या आवाजाला चिकटून एक बारीक टिण.

हा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. मास्तरीण उजव्या हातात अंगठी घालायची, आणि तिच्या प्रत्येक थापेला अडतीस वर्षं ते टिण होतं. तो ताडकन उठून गाडीच्या मागे गेला. तिथे कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती पाठमोरी उभी होती आणि पिठानं भरलेले दोन्ही हात परातीत होते.

"काय झालं?" तिनं वळून विचारलं.

"काही नाही. मला वाटलं तू हाक मारलीस."

"कान तपासून घ्या," ती म्हणाली. यावर तो मनापासून हसला. कान खराब झाले असते तर फार बरं झालं असतं.

४

चाकं चढली होती, आणि इंजिन सुरू झालं त्या दिवशी मात्र सगळं विसरायला झालं. आधी तीन वेळा नुसतं खोकलं, चौथ्या वेळी काळा धूर सोडला, आणि मग असं धडधडलं की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. पत्र्यानं डोक्यावरची टोपी हवेत उडवली. ती रेडिएटरच्या पंख्यात जाऊन तिचा चुरा झाला, तरी त्याला वाईट वाटलं नाही. मास्तरीण दारात येऊन डोळे पुसून गेली. धुरानं आलंय पाणी, म्हणाली.

उस्तादनं गाडी हळूहळू फाटकापर्यंत पुढे घेतली. मग मागे घ्यायची होती, शेडमध्ये. त्यानं गिअर टाकला आणि वाट पाहिली.

दोन थापा. त्यानं क्लच सोडला. पुन्हा दोन. गाडी येत राहिली, कण्यातून ओळखीची झिणझिण येत राहिली, आणि कितीतरी वर्षांनी त्याला आपण पुन्हा पूर्ण झाल्यासारखं वाटलं. मग एक थाप. पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली.

तो खाली उतरून मागे गेला. शेडचा लोखंडी खांब आणि गाडीचा मागचा बंपर यांच्यात बरोबर एक वीत. यापेक्षा चांगली गाडी कुणी लावू शकलं नसतं.

"वा, पत्र्या! शिकलास की."

पत्र्या गाडीच्या पुढून आला. हातात पाण्याचा डबा होता. "मी? मी रेडिएटरवर लक्ष ठेवून होतो, गळतंय का म्हणून. वहिनी होत्या ना मागे."

मास्तरीण स्वयंपाकघरातून तीन पेले घेऊन येत होती. "मी चहा टाकत होते. तुम्ही दोघं असताना माझं काय काम?"

पत्र्या आधी हसला, मग म्हणाला की इंजिनाची ठोकणी असेल, नवीन बसवलेलं आहे, एखादा सिलेंडर चुकत असेल. उस्तादही म्हणाला, हो, असेल. पेले रिकामे झाले तेव्हा पत्र्याला कुठेतरी जायचं आठवलं.

संध्याकाळी जेवताना मास्तरीण म्हणाली, "मग तुम्ही ऐकलं कुणाचं?"

"सवयीनं लावली गं. अंदाजानं."

"तुम्ही अंदाजानं कधीच लावत नाही."

त्यानं ताट पुढे ओढलं. ती म्हणाली, "यापुढे मी असल्याशिवाय मागे घ्यायची नाही. माझी थाप ओळखता ना?"

"अंगठीसकट," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला शनिवार आठवला. तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तिनं तो ट्रक दुसऱ्या दिवशीच परत पाठवला असता, आणि समुद्र राहिला असता. म्हणून त्यानं कोशिंबीर वाढून घेतली.

५

पेटीला आतून रंग द्यायचा राहिला होता. ते काम मास्तरणीनं मागून घेतलं. तिचा हात सफाईचा होता आणि उस्तादचे गुडघे दुखत होते. उजेड चांगला मिळावा म्हणून त्यानं सकाळीच गाडी शेडमधून फाटकापाशी आणली. तिनं जुना कामाचा डगला चढवला, हातातली अंगठी काढली आणि केबिनच्या खिडकीतून त्याच्या हातात दिली. "रंग अडकला की निघत नाही. ठेवा नीट." त्यानं ती मीटरखालच्या पत्र्याच्या खणात टाकली.

चार तास ती आत होती. आधी छत, मग भिंती, मग तळ, आतून दाराकडे मागे मागे सरकत. राखाडी रंग, आरशासारखा ओला. शेवटचा ब्रश ओढून ती खाली उतरली, दारं लावली, कडी घातली.

तेवढ्यात वारं सुटलं. रस्त्यावरची धूळ फाटकावरून आत यायला लागली.

"अहो, शेडमध्ये घ्या लवकर! फटीतून धूळ जाईल, सगळा रंग वाया."

पत्र्या त्या दिवशी आला नव्हता. अंगणात ते दोघंच होते. उस्ताद केबिनमध्ये चढला, ती डाव्या अंगानं मागे गेली. आरशात ती दोन पावलं दिसली आणि मग पेटीच्या आड झाली. त्यानं इंजिन सुरू केलं.

दोन थापा. टिण.

जीव भांड्यात पडला. ती आहे. तिचीच. त्यानं क्लच सोडला आणि गाडी मागे निघाली.

दोन थापा. टिण. गाडी अंगणाच्या मध्यावर आली. शेडची सावली आरशातल्या पेटीवर चढायला लागली. मधे कुठेतरी आणखी एक कंप आल्यासारखं त्याला वाटलं, खालून, अस्पष्ट, पण त्याच क्षणी दोन खणखणीत थापा आल्या आणि तो कंप त्यांच्यात बुडून गेला. येऊ दे. शेजारच्या सीटवर नवं रेक्झीन चकाकत होतं. पुढच्या आठवड्यात ती तिथे बसणार होती.

दोन थापा. घाईच्या, जवळजवळ लाडाच्या. येऊ दे, येऊ दे.

टिण.

हा आवाज मागून आला नाही. समोरून आला. उस्तादची नजर मीटरखाली गेली. इंजिनाच्या धक्क्यानं खणातली अंगठी उडत होती, पत्र्यावर आपटत होती, गोल फिरत होती.

अंगठी इथे आहे.

तो विचार पूर्ण व्हायच्या आत त्यानं दोन्ही पाय दाबले. गाडी एवढ्या जोरात थांबली की त्याचं कपाळ स्टेअरिंगवर आपटलं. इंजिन बंद पडलं. आणि त्या शांततेत, मागून, खालून, त्याला पहिल्यांदा ऐकू आलं: एक थाप. मग एक. मग एक. नागड्या हाताची, टिण नसलेली, दमलेली.

६

शेडच्या खांबाला लागून लोखंडी टेबल होतं आणि त्यावर काम धरून ठेवायचा व्हाइस. मास्तरणीच्या डगल्याचा खिसा व्हाइसच्या दांड्यात अडकला होता. तो डगला तिनंच शिवलेला, खिशाला दुहेरी शिवण घातलेली, त्यामुळे तो काही केल्या फाटेना. बटणं सोडायला हात मोकळा नव्हता, कारण हात ती पत्र्यावर मारत होती. पेटीची कड आणि तिची छाती यांच्यात एक मूठ मावली असती.

उस्तादनं कात्रीनं डगला कापला. तिला बाहेर काढलं. दोघं जमिनीवर बसली.

"मी एकच देत होते," ती म्हणाली. "सुरुवातीला दोन दिल्या, मग अडकले, मग एक, एक, एक. हात फुटायला आला. तुम्ही येतच होता."

तिचा उजवा तळहात लाल होऊन सुजला होता. त्यानं तो आपल्या हातात घेतला आणि तो रडला. लपवण्याचा प्रयत्नही केला नाही.

"मला दोन ऐकू येत होत्या," तो म्हणाला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, शनिवारचं टिणसुद्धा. सांगता सांगता तो स्वतःलाच समजावत होता: टिण खणातलंच असेल, पहिल्यापासून. कंप इंजिनाचा असेल. पत्र्या म्हणाला होताच, एखादा सिलेंडर चुकत असेल.

"दार उघडा," ती म्हणाली.

वारा थांबला होता. त्यानं गाडी चार-पाच हात पुढे घेतली, कडी काढली आणि दोन्ही दारं उघडली. आत राखाडी रंग ओलाच होता. तळ आरशासारखा लखलखत होता, त्यावर पावलाचा काय, माशीचाही ठसा नव्हता. छत स्वच्छ. उजवी भिंत स्वच्छ. डाव्या भिंतीवर, दाराच्या लगेच आत, तळापासून दीड वीत वर, हाताचे ठसे होते.

एकावर एक पडून बाकीचे पुसले गेले होते. सगळ्यात वरचा स्पष्ट होता. पाच बोटं, पसरलेली. एका बोटाच्या मुळाशी रंगात आडवी, गोल, बारीक रेघ.

मास्तरणीनं पुढे होऊन आपला सुजलेला हात त्या ठशासमोर धरला. टेकवला नाही. फक्त समोर धरला. लांबी तीच. रुंदी तीच. तिची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती, तरुणपणी मशीनची सुई आरपार गेली होती तेव्हापासून. ठशातली करंगळीही वाकडी होती.

"लावा," ती म्हणाली. "दार लावा."

त्यानं दार लावलं, कडी घातली आणि कडीत एक जाड बोल्ट अडकवून नट आवळला. आवळताना त्याला आतून काहीही ऐकू आलं नाही. तेच त्याला सहन होईना.

७

ओढून न्यायला गाडी आली ती चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजता. भंगारात गाड्या तोडणाऱ्याला उस्तादनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की उभी विकायची नाही, कापायची, आणि पेटी आधी कापायची. पत्र्याला त्यानं कारण सांगितलं नाही. पत्र्यानं विचारलंही नाही.

ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर तिशीतला, हसतमुख माणूस होता. त्यानं ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि हळहळला. "काका, एवढी जीव लावून केलीत. सीट बघा, नवीकोरी. का हो?"

"गुडघे गेले," उस्ताद म्हणाला. मग जवळ जाऊन म्हणाला, "एक सांगतो, हसू नका. रस्त्यात कुठे मागे घ्यावी लागली तर थापेवर घेऊ नका. स्वतः उतरून बघा. दर वेळी."

"मागे कोणी नाहीच ना, थाप कोण देणार?" तो हसलाच. मग उस्तादचा चेहरा पाहून म्हणाला, "बरं काका. उतरून बघेन."

लोखंडी दांडा जोडला गेला. उस्ताद आणि मास्तरीण स्वयंपाकघराच्या पायरीवर उभे राहिले. तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. बोट सुजल्यामुळे अंगठी चढत नव्हती, ती बटणांच्या डबीत पडली होती. उस्तादनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते. चार दिवस तो असंच करत होता. हात हातात असले की ते कुठे आहेत हे माहीत असतं.

ट्रक हलला. लांब नाक फाटकातून बाहेर गेलं. मग केबिन, रिकामी, दोन नव्या सीटांसकट. मग पेटी सरकायला लागली, एकेक पत्रा करत, त्यांच्यासमोरून. थापेची जागा आली. तिचा फुगवटा उन्हात चमकला.

तीन थापा. हलक्या. नुसत्या बोटांच्या टोकांनी.

पोचलात. उतरा. चहा टाकलाय.

किती संध्याकाळी त्या थापांवर तो केबिनमधून उतरला होता! धुळीनं भरलेला, पाठ मोडलेला, कधी चार दिवसांनी, कधी चाळीस. त्या थापा म्हणजे घर होतं. त्यानं विचार केला नाही. थाप आली की विचार करायचा नसतो. त्याचे हात सुटले आणि पाय पायरीवरून खाली उतरले.

पेटी चालत होती, तो तिच्याबरोबर चालत होता. आतून पुन्हा तीन. अगदी हलक्या, थोड्याशा रागावलेल्या, चहा गार होतोय अशा. त्याचा हात मागच्या दाराच्या बोल्टकडे वर गेला होता आणि मागचं जोडचाक त्याच्या पावलाशेजारी फिरत होतं, हे त्याला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

त्याच्या पाठीवर एक थाप पडली.

एकच. सपाट, जोराची, पट्टी बांधलेल्या हाताची. तो जागच्या जागी थांबला. चाक त्याच्या चपलेचा पुढचा तुकडा चिरडून पुढे गेलं. मग पेटी फाटकाबाहेर पडली, वळली, आणि आवाज कमी कमी होत गेला.

उस्तादनं मागे वळून पाहिलं. मास्तरीण धापा टाकत उभी होती.

"अहो, मी आहे," ती म्हणाली. "मीच आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला.

पण त्यानं आधी तिचा हात पाहिला होता. पट्टी, वाकडी करंगळी, अंगठी नसलेलं बोट. चेहरा नंतर. तिनं ते पाहिलं आणि हात हळूच मागे घेतला.

तेव्हापासून तिला त्याला बोलवायचं असलं की ती आधी समोर येऊन उभी राहते.